कादिरभाईंची बंदूक दत्तरावाकडे नांदायला गेली त्याची गोष्ट

किस्से गोळा करावे लागत नाहीत. हट्टा गावात माझं बी-बियाणं आणि औषधाचं दुकान आहे, तिथं बाहेर एक बाकडं टाकलंय, आणि त्या बाकड्यावर बंदुकीचं लायसन असलेली माणसं बसतात, एवढं पुरेसं आहे. बाकीचं आपोआप साठत जातं. युरियाची गोणी उतरून घ्यायला मी आत जावं आणि बाहेर यावं, तेवढ्यात नवीन काहीतरी घडलेलं असतं.

बंदूकवाले म्हटल्यावर तुम्ही मिशा वगैरे डोळ्यांसमोर आणाल, तर तसं काही नाही. शिकार बंद होऊन जमाना झाला. ही सगळी लायसनं पीक राखायची. रानडुकरं भुईमुगात घुसली, रोही, म्हणजे नीलगाई, हरभऱ्यात उतरले, की वर आभाळाकडे नळी करून एक बार काढायचा आणि घरी येऊन जेवायचं. आमच्या ग्रुपचा आजवरचा स्कोअर शून्य आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. आमच्यातला बापूराव तर म्हणतो, "माझ्या बंदुकीनं आजवर एकाच जिवाला इजा झाली. माझ्या खांद्याला."

* * *

आमच्या बाकड्यावरच्या दत्तरावानं बंदूक घेतली ती कादिरभाईंकडून. कादिरभाई गावातले जुने चक्कीवाले. पिठाच्या गिरणीच्या घरघरीत सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे कानानं फार कमी. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला कळेल असंच बोलावं लागतं. दोन्ही पोरं बाहेरगावी धंद्याला लागली, जमीन बटईनं, म्हणजे वाट्यानं, कसायला दिली, मग लायसन ठेवून करायचं काय? बंदूक एक तर लायसनवाल्याला विकायची, नाहीतर सरकारजमा करायची. सरकारजमा केली की तिचे तुकडे करून भंगारात टाकतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती.

बंदूक त्यांच्या अब्बांची. म्हणून गिऱ्हाईक बघायला आलं तर व्यवहार राहिला बाजूला आणि पोरगी दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. मी आणि बापूराव दत्तरावाच्या बाजूनं गेलो होतो. चहा झाला, पोहे झाले, मग आतून गोधडीत गुंडाळलेली बंदूक आली. आम्ही तिच्याकडे बघायचं तर कादिरभाईच दत्तरावाकडे निरखून बघत होते.

"घर पक्कं हाय ना?"

"स्लॅबचं हाय," दत्तराव ओरडला.

"गळत तर न्हाई?"

"न्हाई."

"ठेवनार कुठं?"

"लोखंडी कपाटात. कुलपात."

"कपाट कुनाचं?"

इथं दत्तराव जरा अडखळला. कपाट त्याच्या बायकोचं, सुमनबाईचं होतं. बाईच्या साड्या त्या दिवशी कपाटातून निघून पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि बंदूक कपाटात गेली. किल्ली मात्र सुमनबाईनं कमरेलाच ठेवली. साड्यांचं तिनं आजतागायत माफ केलेलं नाही.

* * *

आता खरी गंमत पुढंच. या बंदुकीला मूळचं जे काडतूस लागायचं, ते फार पूर्वीच मिळेनासं झालं होतं. तेव्हा अब्बांनी एका कारागिराकडून काडतुसाचं घर, म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसायची जागा, नव्यानं कापून घेतलं होतं. म्हणजे बंदूक तीच, पण लागणार दुसरंच काडतूस. नळीवर मूळचा विलायती नंबर मोठ्या ऐटीत कोरलेला, आणि त्याच्या खाली त्या कारागिरानं हातानं ठोकलेला नवा नंबर, थोडा तिरका.

नावावर करायला लायसनच्या कचेरीत नेली तर तिथले साहेब म्हणाले, "हिच्यावर दोन नंबर आहेत. नेमकी कुठली समजायची?"

दत्तराव शांतपणे म्हणाला, "साहेब, माझ्या बायकोच्या आधारवर सासरचं नाव हाय, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. बाई एकच हाय."

साहेबांनी मान वर करून बघितलं, हसले, आणि खालचा नंबर लिहून घेतला. हा किस्सा दत्तरावानं घरी जाऊन कौतुकानं सांगितला. सुमनबाईनं फक्त एवढंच विचारलं, "तुमाला उदाहरनाला मीच सापडले व्हय?"

* * *

बंदूक गेली तरी कादिरभाईंचं लक्ष तिच्यातच. दर शुक्रवारी नमाज झाली की ते दत्तरावाच्या दारात हजर. "सहज आलतो," म्हणायचे आणि कपाटाकडे बघत बसायचे. पावसाळ्यात तेलाची बाटली घेऊन आले. उन्हाळ्यात पुसायला मऊ फडकं आणलं. एकदा सुमनबाईला तोंडावर म्हणाले, "जरा सुकल्यासारखी वाटून राहिली."

"चाचा, मी बी वाळून राहिले," सुमनबाई म्हणाली. "माझ्याकडं कुनी तेल घिऊन येत न्हाई."

कादिरभाईंना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, "खुश राहो बेटी."

दसऱ्याला आम्ही सगळ्या बंदुका दत्तरावाच्या ओसरीवर एका रांगेत मांडून पूजा करतो. कादिरभाईंना आवर्जून बोलावलं. झेंडूचा हार घातलेला त्यांना आवडला. कुंकू लावायला लागलो तर मात्र त्यांनी हळूच दत्तरावाचा हात धरला. "लोखंडाला नको, लाकडाला लावा. लोखंडाला गंज धरतो." तेव्हापासून आमच्याकडे सगळ्याच बंदुकांना कुंकू लाकडी दस्त्यावर लागतं, आणि ते कुणी ठरवलं हे बापूराव हल्ली स्वतःच्या नावावर सांगतो.

* * *

मधे निवडणूक लागली. निवडणूक म्हटलं की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा. नेमकी तेव्हाच ज्वारी हुरड्यात आलेली. बापूरावाचं अर्धं रान डुकरांनी आठवड्याभरात लोळवलं. तो ठाण्यात जाऊन विनंती करून आला, पण नियम तो नियम. बाहेर आल्यावर म्हणाला, "आचारसंहिता मला हाय. डुकरांना कुनी सांगावं?"

कादिरभाई त्या दिवसांत रोज ठाण्यासमोरून चक्कर मारायचे. आत जायची हिंमत नव्हती. एका शिपायानं शेवटी ओरडून विचारलंच, कुणी आत आहे का तुमचं?

"हाय," कादिरभाई म्हणाले आणि पुढे गेले.

* * *

आता बार काढायचा किस्सा. नव्या नंबरची काडतुसं फार खटपटीनं मिळाली. दत्तरावाचा भुईमूग गावाला लागूनच, उन्हाळी, चांगला भरलेला. आदल्या वर्षी डुकरांनी एक शेंग ठेवली नव्हती. एका संध्याकाळी कळप आला. दत्तराव बांधावर, आम्ही मागं. त्यानं नळी आभाळाकडे केली, श्वास धरला, घोडा दाबला.

टिक.

दुसरं काडतूस घातलं. टिक.

एका डुकरानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. काही विशेष नाही असं बघून पुन्हा खायला लागलं.

नांदेडच्या मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "घर जरा जास्तच खोल कापलंय. काडतूस पार आत जाऊन बसतं. घोडा पोचतच न्हाई." दुरुस्त होईल का? होईल, पण तसा माणूस आता कुठं मिळतो, म्हणाला.

आम्ही कादिरभाईंकडे गेलो. अब्बांच्या हातात ही कशी वाजायची, असं विचारलं.

"घर कापून आनलं त्याच साली अब्बा गेले," ते म्हणाले. "मी ऐकली ती त्याच्या आधी. लहान होतो. आईच्या मांडीवर. डुकरं पळाली आन् मी रडायला लागलो. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला न्हाई." मग म्हणाले, "मरायच्या आधी एकदा ऐकायचा हाय. एवढंच."

म्हणजे नवं घर कापल्यापासून ही बंदूक कुणीच वाजवली नव्हती. नुसतं तेलपाणी चाललं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही येत होतं. हसू मी आवरलं.

सुमनबाईला आवरायचं कारण नव्हतं. तिनं साफ सांगितलं, "भुईमूग निघेपतुर एकदा तरी वाजली पायजे. न्हाई वाजली तर ठाण्यात जमा करून या. माझ्या साड्या पेटीत कुबट होऊन राहिल्या."

"जमा केली तर तोडतील तिला," दत्तराव म्हणाला. "कादिरभाईंना काय सांगू?"

"ते तुमी बघा."

* * *

आणि आता शेवटचा. भुईमूग उपटायला मजूर सांगून झाले होते. दिवस बुडता बुडता दत्तराव बंदूक घेऊन आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी बसलेला. कळप आला. त्यानं शेतात उतरून नळी आभाळाकडे केली आणि घोडा दाबला.

धडाम!

दत्तराव सरीतच खाली बसला. डुकरं जी पळाली ती पार ओढ्यापलीकडे. "वाजली, वाजली," करत हा उठला आणि मागे वळून बघतो तर सुमनबाई उभी, हातात काडीपेटी. दिवाळीचा राहिलेला सुतळी बॉम्ब तिनं तेलाच्या रिकाम्या डब्याखाली ठेवून पेटवला होता. डबा फाटून दुसरीकडेच जाऊन पडला होता.

"डुकरांना काय कळतंय," ती म्हणाली. "आता ठरलं. सकाळी जमा करून या."

सकाळी दत्तरावाचा मला फोन, सोबत ये म्हणून. मी आणि बापूराव आखाड्यावर पोचलो तेव्हा तो बंदूक त्याच जुन्या गोधडीत गुंडाळत होता. गाठ काही केल्या बसत नव्हती. फाटका डबा बाजेजवळ पडलेला, सुमनबाई चहा गाळत होती.

तेवढ्यात बांधावरून कादिरभाई येताना दिसले. शुक्रवार नव्हता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पेढ्यांचा बॉक्स. धाप लागली होती. गोधडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. सरळ सुमनबाईसमोर येऊन उभे राहिले.

"काल सांजच्याला ऐकला मी," ते म्हणाले. "अंगनात बसलो होतो. मला, बेटी, मला ऐकू आला." पेढ्यांचा बॉक्स त्यांनी तिच्यापुढे धरला. "बोलली ना ती? बराबर तशीच बोलली. अब्बांच्या टायमाला बोलायची तशीच."

दत्तरावानं माझ्याकडे बघितलं. मी बापूरावाकडे बघितलं. बापूरावानं पेढ्यांकडे बघितलं.

सुमनबाईनं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि बॉक्समधला एक पेढा उचलला.

"व्हय चाचा," ती मोठ्यानं म्हणाली. "बोलली. लई मोठ्यानं बोलली."

बोलता बोलता तिनं पायानं तो डबा बाजेखाली सारला. मग कमरेची किल्ली काढून दत्तरावाच्या हातावर ठेवली.

"उभं काहून राहिलात? घरी घिऊन जा आन् कपाटात ठिवा तिला. धूळ बसंल."