मापाची सळई

शीळफाट्याहून कल्याणला येणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, खांबांवर टाकलेले पत्रे आणि मागे आमची खोली. लढाई संपल्यावर लष्कराच्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, त्या वीटभट्टीवाल्यांनी घेतल्या, आणि त्यातली एखादी कायम आमच्या दारात बसलेली असायची. आमचे हे एकटेच फिटर. हाताखाली माणूस टिकायचा नाही, कारण ह्यांना कुणाचं काम पसंत पडेल तर शपथ. मग इंजिनाचं हँडल फिरवायला कोण? मीच. पदर खोचायचा नि हे म्हणतील तसं फिरवायचं. सासरच्यांनी पाहिलं असतं तर तोंडात बोटं घातली असती, पण पाहायला तिथे होतं कोण!

दिवाळी उलटली होती, भट्ट्या लागायचे दिवस. एका भट्टीवाल्याच्या लॉरीचं हेड, म्हणजे इंजिनावरचं लोखंडी झाकण, तापून वाकलं. ठाण्याला लेथवर नेऊन ते सपाट करून आणलं, पण वाकच इतका की नको तेवढं घासावं लागलं. आता हेड घासलं की खाली बसतं, आणि व्हॉल्व उघडणाऱ्या सळ्या, ज्यांना हे पुशरॉड म्हणायचे, त्या राहतात आहेत तेवढ्याच. मग व्हॉल्व धड मिटत नाहीत नि इंजिन धापा टाकतं. वरच्या स्क्रूने थोडंफार सावरतं, पण या खेपेला तेवढ्यानं भागणार नव्हतं. सळ्या आखूड करायच्या होत्या. किती, तेच खरं काम. जास्त कापली की ती सळई वाया.

त्यासाठी ह्यांनी मापाची एक सळई केलेली होती. जुनी सळई मधे कापून आटे पाडलेले, पान्यानं पिळली की लांब व्हायची. व्हॉल्व मिटलेला ठेवून ती आत उभी करायची, आणि लांबवता लांबवता उजव्या हाताच्या चिमटीत फिरवून बघायची. फिरतेय म्हणजे मोकळी. अडली की थांबायचं आणि केसभर मागे यायचं. दुसरे फिटर फटीत पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून बघायचे, त्यांना हे हसायचे. ह्यांच्या बोटांना जे कळायचं ते पट्ट्यांना कळत नव्हतं, हे मात्र खरं. लांबलांबून लोक त्या बोटांसाठी यायचे. आमची चूल त्या चिमटीवर पेटायची.

त्या दिवशी हे सळई पिळत होते आणि अजून मोकळी आहे, अजून मोकळी आहे, म्हणत होते. मी हँडल धरून समोर उभी. बघते तर व्हॉल्वची स्प्रिंग दबायला लागलेली. म्हणजे सळई केव्हाच घट्ट झाली होती आणि आता व्हॉल्व उघडत होता. मी तसं म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. मीही गप्प बसणारी नव्हे, पुढे होऊन सळईला हात लावला. ती जागची हलेना. तेलानं माखलेल्या सळईवरून ह्यांची बोटं नुसती घसरत होती, आणि ह्यांना वाटत होतं सळई फिरतेय.

ह्यांनी डाव्या हातानं पाहिलं. डाव्याला लगेच कळलं. मग हे तिथेच खाली बसले आणि उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले. अंगठ्यावर भाजल्याचा फोड होता, कधी भाजलं ते सांगता येईना. कोपरावर पांढुरका चट्टा होता, त्याला हे शिबं म्हणायचे नि गंधक चोळायचे.

माप डाव्या हातानं घेतलं. लॉरी सुरेख चालली. भट्टीवाला ह्यांची तारीफ करत गेला, आणि मला त्या तारिफेचा इतका संताप आला की मी आत जाऊन भांडी आपटली. डॉक्टरकडे चला म्हटलं की हे म्हणायचे, भट्ट्या विझू देत. उजवा नसला तर नसला, डाव्यावर निभेल आपलं. त्या एका वाक्यावर आम्ही पावसापर्यंत दिवस काढले. मीसुद्धा देवापाशी डावाच हात मागायचे.

ठाण्याच्या डॉक्टरांनी चट्टा बघितला आणि मी काय ते समजले. महारोग. नवीन गोळ्या आल्यात, जिवाला धोका नाही, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मी विचारलं, आणि हात? तर म्हणाले, बघू.

त्यांनी ह्यांना दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले, डोळे मिटायला सांगितलं. टोचलं की बोला म्हणाले. उजव्या हाताला सुई लागली, हे बोलले नाहीत. त्याची तयारी होतीच. मग डॉक्टर डाव्याकडे वळले. एकेका बोटाच्या टोकाशी रक्ताचा थेंब यायचा आणि डॉक्टर तो कापसानं टिपायचे. हे डोळे घट्ट मिटून, कान देऊन बसलेले. सगळी बोटं झाली.

"उजव्याचं राहू द्या हो डॉक्टर," हे म्हणाले. "आता डावा बघा."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मीच म्हटलं, "बघून झाला. डोळे उघडा."