सरांचा दाट संच

स्वारगेटला मुंबईची एसटी लागली होती आणि आम्ही तिघं तिच्या दाराशी उभे होतो. मी, अण्णा आणि सर. अण्णा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डातला भाजीचा गाळा त्या दिवशी बंद ठेवून आले होते. आई हडपसरलाच थांबली. चारचौघांत रडणं तिला आवडत नसे. सर मला एम.एस्सी.ला गणित शिकवायचे. ते निरोप द्यायला येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं कळत नव्हतं. शेवटी अण्णांनीच विचारलं, "सर, ही तिकडं जर्मनीत जाऊन नेमकं काय करनार हाय?"

सरांनी थोडा विचार केला. "तुमच्याकडे वजनं हवी तितकी बारीक असली, तर कुठलाही माल हवा तितका नेमका तोलता येतो ना?"

"येतो की."

"आमच्यात वजनांच्या जागी फलनं, म्हणजे फंक्शन्स, असतात. अवघड फलन घ्यायचं आणि सोप्या फलनांनी त्याच्या हवं तितकं जवळ जायचं. कुठल्याही फलनाच्या असं जवळ जाता आलं, तर त्या सोप्या फलनांच्या संचाला आम्ही दाट म्हणतो. असा एक संच माझ्याकडे आहे. तो दाट आहे असं मला फार वर्षं वाटतंय, सिद्ध होत नाही. ते करायला ही चालली आहे."

"आन् न्हाई तोललं गेलं तर?"

"तर तुमची मुलगी लवकर परत येईल," सर म्हणाले.

अण्णा हसले. मला म्हणाले, "जेवणाची आबाळ करू नको." एसटी सुटली.

तुम्ही जे हडपसरला, पर्वतीला, कात्रजला मागे राहिलात, त्या तुम्हाला वाटतं की गेलेल्यांनी नवं काहीतरी धरलं. तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, त्या तुम्हाला ठाऊक आहे की सुरुवातीची वर्षं आपण नेलेलंच धरून बसतो. कुणी लोणच्याची बरणी नेतं, कुणी गाण्यांच्या कॅसेटी. मी सरांचा प्रश्न नेला होता. जर्मनीतल्या त्या लहानशा गावात हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा. विद्यापीठाच्या कँटीनला मेन्सा म्हणायचे. तिथे मी उकडलेला बटाटा खायचे आणि सरांच्या संचाचा विचार करायचे. जर्मन जमत नव्हतं, थंडी सोसत नव्हती, पण फळ्यासमोर उभी राहिले की पुण्याच्या वर्गात असल्यासारखं वाटायचं. त्या देशात माझ्या ओळखीचं तेवढंच होतं.

सरांचा संच दिसायला साधा होता. एकच फलन घ्यायचं, ते डावी-उजवीकडे सरकवायचं, आणि त्या सरकवलेल्या फलनांच्या बेरजा करायच्या. या बेरजांनी फलनांचा एक ठरावीक अवकाश भरून जातो, त्यात कुठेही पोकळी उरत नाही, असा त्यांचा अंदाज होता. कितीतरी सोप्या प्रकारांत त्यांनी तो सिद्धही केला होता. निवृत्तीनंतर रोज दुपारी जेवण झालं की गॅलरीतल्या लहान फळ्यापाशी बसायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या वेळात कुणाला घरात घेत नसत.

माझी सिद्धता दरवेळी एकाच पायरीवर अडायची. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या गाईडबाई म्हणाल्या, "विधान खोटं आहे असं धरून काही दिवस काम करून बघ." मला तो सरांचा अपमान वाटला. तरी करून बघितलं. आणि मग एका सकाळी ते समोर उभं राहिलं. एक असं मोजमाप सापडलं, जे सरांच्या संचातल्या प्रत्येक फलनाला शून्य देत होतं आणि संचाबाहेरच्या एका फलनाला मात्र शून्य देत नव्हतं. असं एक जरी मोजमाप सापडलं की विषय संपतो. त्या एका फलनाच्या जवळ सरांची फलनं एका हद्दीपलीकडे कधीच जाऊ शकत नाहीत. मध्ये अंतर राहतंच.

गाईडबाईंनी मला मिठी मारली. मेन्सात सगळ्यांना केक दिला. मी तो खाल्ला.

हे सरांना फोनवर सांगायचं नाही एवढं मी ठरवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला आले आणि पर्वतीच्या पायथ्याशी सरांच्या घरी गेले. सर कोणाही विद्यार्थ्याला अहो-जाहो करत.

"या, शेवाळे. वजन कमी झालंय. तिकडे जेवायला देत नाहीत?"

"सर, तो संच दाट नाहीये."

"म्हणजे तुम्हाला सिद्ध करता आलं नाही."

"नाही सर. दाट नाहीये, हे सिद्ध केलंय."

"बसा आधी. विमानप्रवासानं भल्याभल्यांचं डोकं हलतं."

मी बसले नाही. गॅलरीतल्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात काहीतरी अर्धवट होतं. "पुसू?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. मी लिहीत गेले. ते एकेका ओळीला थांबवत होते. "हे कशावरून?" मी सांगायचे. "हा भाग कुठे जातो?" "शून्यावर, सर." मग थांबवणं बंद झालं. वळून बघितलं तर ते फळ्याकडे बघत नव्हते. खाली रस्त्याकडे बघत होते.

काकू पोहे घेऊन आल्या. आम्हा दोघांकडे बघून बशा ठेवून गेल्या.

"तपासतो," सर म्हणाले. "खाऊन घ्या."

आठवडाभराने हडपसरला त्यांचा फोन आला. "शेवाळे, तुझं बरोबर आहे." इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदा 'तू' म्हणाले होते. "छापून टाक. अंदाज माझा होता हेही लिही. चूक कुणाची ते लोकांना कळलं पाहिजे."

"सर, चूक कसली? प्रश्न तुमचाच होता."

"हो. पण राहिला नाही ना आता." त्यांनी फोन ठेवला.

त्या शोधनिबंधावर मला जर्मनीतच नोकरी मिळाली. पुण्याला परतायचं माझ्या मनात होतं, पण मागे फिरायला जे कारण लागतं ते दरवर्षी थोडं थोडं विरत गेलं. अण्णांनी हडपसरचं आमचं शेत विकलं, तिथे काचेच्या इमारती आल्या. ते गेले तेव्हा मी वेळेवर पोहोचले नाही. सरांच्या घरी प्रत्येक खेपेला जायचे. ते छान बोलायचे, हवापाण्याचं, राजकारणाचं. गणिताचं नाही. गॅलरीत फळ्याच्या जागी कपडे वाळत असत. काकू एकदा जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस ते योग्यच केलंस गं. पण आता दुपारी नुसते पडून असतात. झोप लागत नाही, उठावंसंही वाटत नाही." त्यानंतरच्या वर्षी सर गेले.

दर हिवाळ्यात मी वर्गात दाट संचांचा धडा शिकवते आणि सरांचं उदाहरण फळ्यावर मांडते. "हा संच दाट आहे असं माझ्या सरांना वाटत असे," हे वाक्य मला जर्मनमध्ये अजून नीट म्हणता येत नाही. तिकडचा 'प्रोफेसर' म्हणजे आपले सर नव्हे. मुलं उतरवून घेतात, आणि मी पुढच्या प्रमेयाकडे वळते.

मराठीत निवांत बोलायला आता फक्त आई उरली आहे. ती माझ्या भावाकडे हडपसरच्या फ्लॅटमध्ये असते. रविवारी मी फोन करते. तिला ऐकू येईनासं झालंय, पण ते ती कबूल करत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक वाक्याला "हां, हाय की बाळा" म्हणते. आधी मी ओरडून सांगायचे, चिडायचे. आता मनात येईल ते बोलते. बर्फाबद्दल, वर्गाबद्दल, कधी एखादी सिद्धताच सांगत बसते. तिकडून हुंकार येत राहतो. तिला काही कळत नाही हे मला माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हे बहुधा तिलाही. तरी फोन कोणीच आधी ठेवत नाही. घर म्हणजे काय असं कोणी विचारलंच, तर मला एवढंच दाखवता येईल.