उपवासाचा विटकरी रंग

तुम्ही दोघांनी ‘कार्ब्ज’ सोडल्याची बातमी तुमच्या आईकडून कळली. अभिनंदन. सोडलेल्या वस्तूशी आधी ओळख करून घेतली असेलच. न ओळखता सोडण्याचा प्रयोग आमच्या घरी एकदा होऊन गेला आहे, आणि तो पायाच्या एका बोटावर बेतला होता.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन राजाजीनगरच्या घरात आले, तेव्हा माझ्याजवळ रसायनशास्त्राची पदवी होती. घरात तिचा उपयोग एकच. माझ्या सासऱ्यांना, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, मधुमेह होता आणि त्यांची लघवी रोज सकाळी तपासावी लागे. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, ते काम मला मोठ्या मनानं बहाल केलं. “इतकं शिकलीस, तर काहीतरी उकळ.”

न्हाणीघराबाहेरच्या कट्ट्यावर माझी प्रयोगशाळा होती : स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि निळ्या द्रावणाची बाटली. द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी लाल झालं तर विचारूच नका.

त्या वर्षी चप्पल चावून अण्णांच्या पायाच्या बोटाला जखम झाली. ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी इंजेक्शन वाढवलं आणि सांगितलं, साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल. दसऱ्यापर्यंत वाट पाहू. पथ्य त्यांनी थोडक्यात सांगितलं : धान्य कमी, गोड बंद. अक्का बरोबर गेल्या होत्या. घरी आल्या त्या जिंकून आल्यासारख्या. धान्य नाही, गोड नाही, म्हणजे उपवासच की. डॉक्टर झाला तरी माणूस शेवटी आपलंच सांगतो, असं त्यांनी शेजारीपाजारीही कळवलं.

हे घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या सैन्याबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं. तेवढ्या काळात अर्धी मराठी कानडीत विरघळून गेली होती, पण उपवासाला काय चालतं हे तसूभर हललं नव्हतं. साबुदाणा, रताळं, बटाटा, शिंगाडा, केळं. यातलं काहीच धान्य नाही. वरी चक्क धान्य, पण तिला कोणे एके काळी माफी मिळालेली. तर अण्णांना एकादशीबरोबर सोमवार लागला, मग गुरुवार, मग शनिवार. भाताची मूठ बंद झाली आणि खिचडीची परात सुरू झाली. उपाशी माणूस म्हणून आग्रहही जास्त.

उपवासाच्या दुसऱ्या दिवशी नळी विटेसारखी लाल. मी ती अक्कांना दाखवायला नेली. त्यांनी लांबूनच पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

“छान. आत मुरलेली साखर बाहेर पडते आहे.”

आणि मंगळवार वाढवला.

तुमच्या आजोबांना मी सांगितलं. ते कारखान्यात मोठमोठी यंत्रं ताळ्यावर आणत असत. आईच्या बाबतीत मात्र ते म्हणाले की हा माझा विषय आहे, मीच समजवावं.

मग मी समजावलं. ग्लुकोज हा एक मणी. कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एवढाच माल. त्याला त्याच्याच जातीचा आणखी एक मणी जोडला की चहातली साखर, दुधातली साखर. ग्लुकोजचेच शेकडो, हजारो मणी ओवले की पिष्ट : तांदळातलं, बटाट्यातलं, साबुदाण्यातलं. पोटात माळ तुटते आणि मणी रक्तात उतरतात. तेच शरीराचं सरपण. उरलेल्याची यकृत पुन्हा फांद्याफांद्यांची माळ करून ठेवतं. पालेभाजीच्या दोऱ्यातही तेच मणी असतात, पण एकाआड एक उलटे ओवलेले, म्हणून माणसाच्या पोटाला ती माळ तुटत नाही. अण्णांना ती चालेल.

अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, साबुदाणा कधी चाखून पाहिला आहे का, तो गोड लागतो का. पदवीचं काम संपलं.

पुढच्या एकादशीला बोटाची कड काळसर दिसू लागली होती. त्या सकाळी मी शिजलेला साबुदाणा पाण्यात कालवून अक्कांसमोर निळ्या द्रावणात उकळला. निळाच राहिला.

“बघ,” अक्का म्हणाल्या. “मी काय सांगत होते?”

मी म्हटलं, आता हाच साबुदाणा चावून, थुंकून, थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून उकळते. तोंडातल्या लाळेलाच माळ तोडता येते. उष्टं उकळायचं, तेही एकादशीला, हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता मला माहेरी धाडणार.

“तुझ्या तोंडाचा भरवसा नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेर काय काय खातेस. आण इकडे.”

सोवळ्यातल्या त्या बाईनं घासभर साबुदाणा चावला आणि वाटीत थुंकला. वाटी आम्ही आंघोळीच्या कोमट पाण्यात धरून ठेवली. दोघी कट्ट्यावर बसलो. मग मी नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता लाल.

अक्कांनी नळी माझ्या हातातून घेतली. गरम होती तरी सोडली नाही.

“म्हणजे हे मीच वाढत होते,” त्या म्हणाल्या.

मी दिवा विझवला. 

आत अण्णा पानावर बसले होते. अक्कांनी त्यांच्यासमोरचं ताट उचललं.

“उठा. आजपासून तुमचा उपवास नाही.”

“एकादशीला?” अण्णा म्हणाले. “देवाला काय सांगू?”

“तुम्ही काही सांगू नका. ते मी बघते.”

त्या दिवशी अण्णांना भाजी, ताक आणि नाचणीचा लिंबाएवढा मुद्दा, म्हणजे इकडचा शिजवलेल्या पिठाचा गोळा, मिळाला. साठ वर्षांच्या बाप्यानं एकादशीला मुद्दा खाल्ला, तोही कोणी पाहू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. नळी हळूहळू लालवरून पिवळी, मग हिरवी होत गेली. दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि चाकूची गरज नाही म्हणाले. नख मात्र पुन्हा धड आलं नाही. आपल्या पथ्याचा गुण आला, असंही ते म्हणाले, आणि कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

अण्णा पुन्हा चालत यशवंतपूरच्या बाजाराला जाऊ लागले. त्यांच्या वाटच्या एकादश्या अक्कांनी आपल्या अंगावर घेतल्या, त्याही नुसत्या पाण्यावर. मी एकदा म्हटलं, तुम्हाला काही आजार नाही, तुम्ही साबुदाणा खायला हरकत नाही.

“शास्त्र मला नको सांगू,” त्या म्हणाल्या, आणि रिकामा पेला माझ्यापुढे केला.