यानं वेगळीच चावडी बांधली!

आमच्या ऑफिसात चूक दुरुस्त झाली की तिचा किस्सा होतो. असे बरेच साठलेत. दुरुस्त होईपर्यंत मात्र कुणी हसत नाही!

परभणीत दोन खोल्यांचं ऑफिस. तालुक्याच्या लॅबमधल्या मशीनवरून रिपोर्ट उचलायचा आणि डॉक्टरांच्या मोबाइलवर पोचवायचा, एवढंच आमच्या सॉफ्टवेअरचं काम. अर्जंट रिपोर्ट पोचला नाही तर काय, यावर आम्ही बोलत नाही. ऑफिस यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, सुरू केलं. यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता गौतम आणि अनिसभाई कोड लिहितात, मी टेस्टिंग बघते.

* * *

गौतम नवा होता तेव्हाची गोष्ट. कुठला रिपोर्ट कुणाकडे, कुठला रस्ता चालू, ही सगळी माहिती सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्याच्या, म्हणजे फ्रेमवर्कच्या, सामायिक कॉन्टेक्स्टमध्ये असते. पण आपण लिहिलेल्या साध्या ऑब्जेक्टला, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, तो कॉन्टेक्स्ट आपोआप दिसत नाही. हे काही गौतमच्या डोक्यात शिरेना.

यांनी विचारलं, "तुझ्या गावात नवा माणूस आला तर चौकशी कुठं करतो?"

"चावडीवर."

"मग कॉन्टेक्स्ट म्हणजे चावडी. अन् तुझा ऑब्जेक्ट लय साधा माणूस हाय. पत्ता तूच त्याच्या हातात द्यायचा!"

तेव्हापासून कॉन्टेक्स्ट हा शब्दच ऑफिसातून गेला. पुढे पुण्याच्या एका क्लायंटनं मीटिंगनंतर मेल केला, "चावडी सर्व्हरचं लायसन्स कुणाच्या नावावर आहे?"

* * *

अनिसभाईंनी ते फारच मनावर घेतलं. दिसेल त्या ऑब्जेक्टला पत्ता! तारीख उलटसुलट करून देणाऱ्यालासुद्धा. मी म्हटलं, "याला कशाला?"

"वहिनी, ऐन वक्ताला बेचारा कुठं जाईल?"

पत्ता दिला की चावडी हवीच; मग एक तारीख तपासायची तरी अख्खी सिस्टीम सुरू करावी लागायची. हे वैतागले, "अनिस, तारीख सांगणाऱ्याला सरपंच केलास की!"

* * *

एकदा गौतमचा ऑब्जेक्ट रोज सकाळी सिस्टीम सुरू होतानाच कोसळायचा. ऑब्जेक्ट आधी तयार होतो, पत्ता त्यानंतर मिळतो. हा तयार होता होताच चावडी शोधत होता. "जन्मल्या जन्मल्या धावायलाय!" अनिसभाई म्हणाले.

त्याच आठवड्यात गौतमला मुलगी झाली. पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आतच अनिसभाईंनी विचारलं, "पोरगी चावडीवर गेली का?"

"आमी अजून पत्ता दिला न्हाई!"

* * *

आणि हा किस्सा गेल्या महिन्यातला.

दुपारी बाराच्या सुमारास पालमच्या लॅबमधून टेक्निशियन माणिकरावांचा फोन आला. "वहिनी, एका बाईचं पोटॅशियम लय वाढलंय, जिवाला धोका हाय. अर्जंट टाकलाय. डॉक्टरचा काहीच निरोप न्हाई. पोचला का?"

मी स्क्रीन पाहिली. हिरवी खूण. "पोचला" असं लिहिलेलं.

अनिसभाई डॉक्टरांना फोन लावत होते. बंद. पुन्हा बंद. गौतम कोड उघडून बसला. मी माणिकरावांना म्हटलं, "स्क्रीनवर पोचलाय. पण तुम्ही स्क्रीनवर विश्वास ठेवू नका."

"कागद घेऊन डॉक्टरकडं निघालोच," म्हणाले. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतरची वीस मिनिटं कुणी चहाला हात लावला नाही.

फोन वाजला. "दिला डॉक्टरच्या हातात. इंजेक्शन चालू केलंय. बाई बोलायलीय." मी खुर्चीत बसले. तोवर उभीच होते, हे तेव्हा कळलं.

गौतमला चूक सापडली होती. डॉक्टरांचा पहिला नंबर लागला नाही तर दुसऱ्यावर पाठवणारा एक ऑब्जेक्ट होता. दोन वर्षांत त्याच्यावर वेळच आली नव्हती. त्याच्या हातात पत्ता नव्हता.

"मग गेला कुठं रिपोर्ट?" अनिसभाईंनी विचारलं.

"यानं सोताच नवी चावडी बांधली. कोरी. ना डॉक्टर, ना रस्ता. तिथं रिपोर्ट ठेवला अन् म्हणाला, पोचला!"

"कुणी लिहिलंय हे?"

गौतमनं स्क्रीनवर बोट ठेवलं. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. त्या ओळीच्या वर यांची कॉमेंट होती; कॉमेंट म्हणजे कोडमधली माणसांसाठीची टीप, मशीन ती वगळतं.

"तात्पुरतं. दवाखान्यातून आलो की पत्ता देतो."

गौतमनं पत्ता दिला. मी तीनदा टेस्ट केली. तिन्ही वेळा मेसेज पोचला. मग त्यानं माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "वहिनी, वरची ओळ काढू का?"

माझ्याआधी अनिसभाईच बोलले.

"राहू दे. कॉमेंट हाय ती. चालत न्हाई."