निवृत्ती दळेच्या छोट्या भूमिका

लेथवर दिवसभर काम केलं की पायाखाली लोखंडाचा कीस साचतो. कारखान्यात किश्श्यांचंही तसंच असतं. फरक एवढाच, की कीस संध्याकाळी झाडून काढतात आणि किस्से तसेच राहतात. आमच्याकडं साचलेल्यातले निम्मे एकट्या निवृत्ती दळेचे आहेत. सगळे सत्तरनंतरच्या दोन-चार वर्षांतले. ते दिवस आठवले की अजून मला बसून बोलवत नाही, उभाच राहतो.

निवृत्ती नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर होता, मी फिटर. तो पारनेर तालुक्यातला, राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या एका वाडीचा. भरघोस मिशा, रुंद छाती आणि आवाज असा, की मशिन चालू असताना फक्त त्याचंच बोलणं ऐकू यायचं. संध्याकाळी आम्ही दोघं नगरच्या एका हौशी नाटक मंडळात जायचो. तो नट, मी प्रॉम्प्टर. नाव निवृत्ती, पण गडी स्टेजवरून उतरायला कधी तयार नसायचा.

*

एकदा कळलं, की खर्ड्याच्या किल्ल्यात सिनेमाचं शूटिंग चाललंय. आम्ही दोघांनी आजारपणाची रजा टाकली आणि जामखेडची एसटी धरली.

किल्ल्यात पोचलो तर सगळे हातावर हात ठेवून बसलेले. पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या नटाला ऊन लागलं होतं. दिग्दर्शकाची नजर गर्दीवरून फिरत निवृत्तीच्या मिशांवर थांबली. पाच मिनिटांत निवृत्तीच्या डोक्यावर पगडी आणि हातात भाला! वाक्य एकच होतं, "सरकार, वेशीवर माणसं आलीत."

कॅमेरा सुरू झाला. निवृत्तीनं छाती भरून घेतली आणि नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसं वाक्य फेकलं. समोरच्या सरदाराचा घोडा बिथरला आणि सरदाराला घेऊन थेट दरवाज्याबाहेर गेला.

सगळे घोड्यामागं धावले. दिग्दर्शक मात्र शांतपणे निवृत्तीजवळ आला. म्हणाला, "तुमचा प्रेक्षक या कॅमेऱ्यात बसलाय. दोन फुटांवर. आणि त्याला चांगलं ऐकू येतं."

दुसऱ्या वेळी निवृत्ती तेच वाक्य असं काही बोलला, की दिग्दर्शकानं त्याचा पत्ता लिहून घेतला. तिथून त्याला कामं येऊ लागली. कधी हवालदार, कधी पाटील, कधी नुसताच मार खाणारा.

*

तो सिनेमा नगरला लागला तेव्हा आमचे फोरमन बायकोला घेऊन बघायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर जुना रजेचा अर्ज.

"तापानं अंथरुणाला खिळलो आहे, असं लिहिलंयस," ते निवृत्तीला म्हणाले. "अंथरूण किल्ल्यात होतं का?"

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि हा तुझी शुश्रूषा करत होता वाटतं."

नोकरी गेली असंच आम्ही धरून चाललो. फोरमननी अर्ज घडी करून खणात टाकला, केबिनचं दार लावलं आणि हळूच विचारलं, "पुढचं शूटिंग कुठं आहे? नाही, मिसेस विचारत होत्या."

*

पण सगळं असं हसण्यावारी जात नव्हतं. पुढच्या सिनेमात निवृत्तीनं दारुडा बाप केला. लेकीला अर्ध्या रात्री घराबाहेर काढतो, असा. काम इतकं फर्मास झालं, की थेटरात बायकांनी बोटं मोडली.

नेमकं त्याच वेळी त्याच्या धाकट्या बहिणीचं, शेवंताचं, लग्न ठरत आलं होतं. वडील नसल्यानं सगळं निवृत्तीच बघत होता. मुलाकडच्यांनी सिनेमा बघितला आणि निरोप धाडला, की असल्या घरातली पोरगी आम्हाला नको. शेवंतानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आणि निवृत्तीनं मिशा उतरवल्या. मला म्हणाला, "आजपासून नाटक न्हाई आन् सिनेमा बी न्हाई."

त्याची बायको कलावती कधी कुणासमोर बोललेली मी ऐकली नव्हती. ती उठली, मला सोबत घेतलं आणि मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर बसली. त्या बाईनं आडपडदा न ठेवता विचारलं, नवरा पितो का?

"आत्याबाई," कलावती म्हणाली, "ह्यो मानूस च्या बी बशीत वतून, फुकून फुकून पितो. तोंड पोळंल म्हनून भितो."

आत्याबाई आधी हसल्या, मग पदरानं डोळे पुसत हसल्या. लग्न ठरलं. तरी लग्नाच्या दिवशी मुलाचा मामा दिवसभर निवृत्तीच्या मागं होता आणि त्यानं निवृत्तीच्या तांब्याचा दोनदा वास घेतला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मिशा महिनाभरात परत आल्या.

*

मुंबईला टीव्ही सुरू झाला आणि एका छोट्या नाटकासाठी निवृत्तीला बोलावणं आलं. म्हाताऱ्या पोस्टमनचं काम! पण नगरला कुणाकडं टीव्ही होता? आमचा निवृत्ती मुंबईत घराघरांत दिसला आणि आम्हाला इथं काहीच दिसलं नाही. सगळं खातं हळहळलं.

तो परत आला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये गेला आणि चहा देतात त्या चौकोनी खिडकीच्या आत जाऊन उभा राहिला. आम्ही समोर बाकांवर. त्यानं पोस्टमन केला, पत्र वाचणारी सून केली, तिचा सासरा केला. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा." पुढं बसलेल्या वेल्डरनं उठून निवृत्तीच्या शर्टाचं बटण पिळलं. आवाज वाढला. शेवटच्या पत्राला मात्र कुणी बटणाला हात लावला नाही. फोरमनसुद्धा नाक ओढत होते. त्या दिवशी भोंगा झाल्यावरही कुणी उठेना.

*

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. जामखेडच्या बाजूला एका सिनेमाचं शूटिंग होतं आणि निवृत्तीला साहेबाचं काम होतं. कोट, चष्मा, हातात वही. वाक्यं दोनच. एक, "फाईल आणा." दुसरं, "पाण्याचं मी बघतो."

रविवार होता म्हणून मीही गेलो होतो. दुपारी काम संपलं आणि सिनेमा कंपनीची जीप आम्हाला सोडायला निघाली. वाटेत खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. जीप दिसताच बाया हातोड्या टाकून आडव्या आल्या. पुढं एक म्हातारी. निवृत्ती अजून कोटातच होता.

"सायेब, चार दिस झालं, टँकर न्हाई," ती म्हणाली. "लेकरं डबक्यातलं पित्यात."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात निवृत्तीच्या तोंडून गेलं, "पाण्याचं मी बघतो."

बाया बाजूला झाल्या. जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, या खेपेला खरं कारण लिहून, आणि जामखेडला कचेरीत गेला. कारखान्याच्या कपड्यांत. सकाळपासून उभा राहिला, कुणी विचारेना. कारकून दर वेळी म्हणे, उद्या या. दुपारी निवृत्ती टेबलाजवळ गेला, चष्मा नसताना चष्मा सारखा केला आणि सावकाश म्हणाला, "फाईल आणा."

कारकून उठला आणि त्यानं फाईल आणली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं तिथं गेलो. टँकर उभा होता, बायांची रांग लागली होती. आम्ही कडेला उभे राहिलो. साध्या शर्टातल्या निवृत्तीला कुणी ओळखलं नाही. तेवढ्यात सरकारी जीप आली. खरे साहेब उतरले, टँकर बघितला आणि म्हातारीला म्हणाले, "काय आजी, मिळतंय ना पाणी? मी इथला साहेब."

म्हातारीनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुमी न्हाई," ती म्हणाली. "सायेब मागल्या हप्त्यात यिऊन गेला. येकदाच बोलला, पर पानी आलं."