माझ्या आईने निवडलेली खानावळ

माझी आई सोजराबाई मादन हिप्परग्याची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही, पण बांधावर उभी राहिली की पेरणीत पाभर कुठं हुकली ते बोट दाखवून सांगायची. मोगलाईबाहेर, म्हणजे निजामाच्या मुलखाबाहेर, ती जन्मात एकदाच जेवली, तेही माझ्यापायी.

छत्तीस साल असावं. मला सोलापूरचं स्थळ आलं. मध्यस्थ होते श्रीपतकाका, वडिलांचे चुलतभाऊ. "घरात नळ हाय," ते सांगायचे. "तोटी फिरवली की पाणी. पोरगी राणी व्हईल." आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धा दिवस विहिरीवर जायचा, म्हणून शेजारणीही मला राणीच म्हणू लागल्या. माझे वडील अंकुशराव घर बघायला निघाले, तशी आईनेही गाठोडं बांधलं.

"तू कामून यायलीस?" वडील म्हणाले.

"पुरुषमाणसं निस्त्या भिंती बघून येतेत."

दुधनीपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. तिघं सोलापूरला उतरली, घर बघितलं. ओसरी झाडलेली, घागरी काठोकाठ भरलेल्या. मुलगा कामावर गेलेला. नळ मात्र कुठं दिसेना. "मागल्या अंगाला हाय," काका म्हणाले, पण मागे कोणी नेलं नाही. आमच्यात सोयरीक ठरेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, तेव्हा जेवायचा आग्रह रीतीपुरताच झाला. सांजेला येऊन काय ते सांगतो म्हणून ही मंडळी उपाशीपोटी बाहेर पडली.

जवळच एक हॉटेल होतं. मोठे आरसे, फरशीची टेबलं. आईने आत डोकावलं.

"हितनं काय दिसतंय?"

"वहिनी, जेवायला आलाव का तमाशा बघायला?" काका म्हणाले.

"निस्ता रस्ता दिसतोय. चला."

दुसऱ्या ठिकाणी आमटीचा वास असा सुटलेला की वडिलांनी चपला काढल्यासुद्धा. बायकांची जागा होती चुलीमागच्या अंधाऱ्या खोलीत. आई उंबऱ्यावरूनच फिरली.

"अगं, सकाळधरनं पोटात काही न्हाई."

"माझ्यातरी कुठं हाय? पोरीला जन्म काढायचाय हितं. मला ते घर वरनं बघायचंय, त्यांना न कळता."

तेव्हा कुठं वडिलांना कळलं. त्यांनी गुपचूप चपला घातल्या.

तिसरी खानावळ दुमजली, वर लाकडी सज्जा. मालक भीमण्णा, कपाळाला भस्म लावलेला. आई सरळ जिन्याकडे निघाली, तसा तो आडवा आला.

"अक्का, बायका खाली. वर गडीमाणसं बसतात."

आई गडबडली. मोगलाईत तिने जिथं तिथं बायकांची सोय माडीवर, पडद्याआड बघितलेली. जिना दिसला की बायकांनी चढायचं, एवढंच तिला ठाऊक. पण मागे सरली नाही.

"मग वर पडदा लाव, अण्णा. सज्ज्याकडनं तेवढा लावू नको."

भीमण्णा हसला. त्याने वरच्या गिऱ्हाइकांना एका अंगाला सरकवलं आणि मधे धोतर बांधून दिलं.

वरून सगळं सोलापूर दिसत होतं. गिरण्यांची धुराडी, किल्ल्याचे बुरूज, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ. आईने देवळाला हात जोडले आणि नजर खाली आणली ती थेट त्या घराच्या बोळावर. घर, मागलं अंगण, सगळं उघडं. अंगणात नळ नव्हता.

ताटं आली. आईने भाकरीला हात लावला नाही. त्या घरची थोरली सून कलाबाई घागर घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या म्युनिसिपालटीच्या नळावर रांग, रांगेत भांडण. एक खेप झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

काकांनी मान ताटात घातली. "मी आपलं ऐकलेलं सांगितलं, वहिनी."

"पुढल्या बारीला बघितलेलं सांगा, भावजी."

"मिटलं," वडील हात धुवायला उठले. "न्हाई म्हणून कळवू."

"बसा. घर बघून झालं. पोरगा बघायचा ऱ्हायलाय."

चौथ्या खेपेला कलाबाई परतत होती, तेवढ्यात तो कामावरून आला; काकांनी बोट करून दाखवला. भर रस्त्यात, पाचपन्नास माणसांदेखत त्याने वहिनीच्या डोक्यावरची घागर उतरवून खांद्यावर घेतली. नळावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. त्याने तिकडं बघितलं नाही. घागर आत ठेवली, रिकामी घेतली आणि त्याच बायकांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिला.

तेव्हा आईने पहिला घास मोडला.

सांजेला ती पुन्हा त्या ओसरीवर गेली. "अण्णा, नळाचं खोटं कामून सांगितलाव?" तिने माझ्या सासऱ्यांना तोंडावर विचारलं. सासऱ्यांनी रुमाल काढून पुन्हा डोक्याला गुंडाळला. "नळ न्हाई म्हणलं तर मुली देत न्हाईत, बाई," ते म्हणाले.

"मी देते. नळाला न्हाई, ह्यांला देते." आणि दाराआड उभ्या असलेल्या मुलाकडे वळली. "वहिनीची घागर उचललाव. बायकोची उचलाल का?"

ह्यांनी खाली बघतच सांगितलं, "एका खेपेला दोन येतात मला."

"भावजी, तारीख काढा," आई म्हणाली.

घरात नळ यायला सात वर्षं गेली. तोवर त्या रांगेत आम्ही दोघं उभे राहिलो, आणि बायका हसायच्या काही थांबल्या नाहीत.