भोयरजींच्या दहा ओळी

भोयरजी आकड्यांशी मराठीत बोलत. छापलेला लांबलचक कागद टेबलावर पसरायचा, एका ओळीखाली पट्टी धरायची आणि पुटपुटायचं, "तू इथं कसा आला बाबा? तुले तर खाली असाले पाह्यजे." हिंदी मुलखातल्या त्या पोलाद कारखान्याच्या संगणक केंद्रात बाकी सगळा कारभार हिंदी-इंग्रजीत चाले. ते मूळचे आमगावकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर म्हणून कामाला लागले आणि परीक्षा देत देत प्रोग्रामर झाले. बायको वारल्यावर हुडको वसाहतीतल्या घरात एकटेच राहत. मुलगा दिल्लीला, तो फोनवर हिंदीतच बोले. मीही मराठी, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण डिग्रीमुळे त्यांचा साहेब.

त्यांचा एक प्रोग्राम होता. भट्टीत तापणाऱ्या पोलादी स्लॅबच्या, म्हणजे जाडजूड लादीच्या, पोटात उष्णता किती पोचली, ते तो सांगे. स्लॅबचे वरपासून खालपर्यंत थर कल्पायचे आणि वरच्या थराच्या ताज्या उत्तरावरून खालच्याचं काढायचं. जुन्या संगणकावर तो वर्षानुवर्षं बिनचूक चालला. मग नवा संगणक आला. त्याच्यासोबत कम्पायलर होता, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. तो फार हुशार समजला जाई. तोच हिशेब पुन्हा पुन्हा करायचा असला की आपणहून आठ-आठ आकडे एकदम घेई. वेळ वाचे.

पहिल्याच आठवड्यात भोयरजींच्या प्रोग्रामने स्लॅब तापल्याचं सांगितलं आणि तो आतून कच्चा निघाला. स्लॅब लाटून पत्रे करणारी रोलिंग मिल अर्धी पाळी बंद पडली. चौकशी बसली. संगणक कंपनीचा इंजिनीयर येऊन म्हणाला की कम्पायलर सगळीकडे चालतो, खोट प्रोग्राममध्येच असणार.

मधले आकडे दिसावेत म्हणून भोयरजींनी प्रत्येक थराचं उत्तर छापायची एक ओळ घातली, तर उत्तर बरोबर आलं. ओळ काढली, पुन्हा चूक. केंद्रात हशा पिकला. भोयरजींचा प्रोग्राम कोणी बघत असलं तरच नीट वागतो, असं जो तो म्हणू लागला. ते हसले नाहीत. "आकडा कधी रुसत नाही, साहेब," ते मला म्हणाले. "आपन त्याले नीट इचारत नाही." मी घाईत होतो. त्याच दिवशी चौकशीच्या अहवालावर माझी सही झाली. चूक प्रोग्रामरची, असं त्यात लिहिलं होतं.

ते मात्र थांबले नाहीत. प्रोग्राममधला एकेक भाग काढून टाकायचा आणि चूक शिल्लक राहते का पाहायचं, असं रोज चाललं. डबा खायला त्यांच्याजवळ कोणी बसेनासं झालं होतं. तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. हजारभर ओळींतल्या दहा उरल्या होत्या, आणि त्या दहांतही चूक तशीच होती.

"विहिरीपासून मानसाईची रांग हाय समजा," ते म्हणाले. "पयल्यानं भरलेली बादली देल्यावर दुसरा पुढं देईन. यानं आठही जनाईले एकदमच द्याले लावलं. पयल्याची बादली भरली, बाकीच्याईजवळ कालचंच पानी."

छापायची ओळ असली की कम्पायलरला आठ-आठ आकडे घेता येत नसत, एकेक घ्यावा लागे. म्हणून उत्तर सुधारे. वरचा थर कोणता हे सरळ लिहिलं तर एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे हे तो ओळखायचा, दुसऱ्या नावाआडून लिहिलं की फसायचा. खरं तर ते ओळखणं हे त्याचंच काम. मी त्या दहा ओळी स्वतः चालवून पाहिल्या. भोयरजींचं बरोबर होतं.

तो कागद मी कंपनीला पाठवला. पण वर गेलेला अहवाल परत मागवायचा धीर मला झाला नाही. म्हटलं, कंपनीचं उत्तर येऊ दे. त्याआधी भोयरजींची बदली आली. नंदिनी नगर, कारखान्याच्या चुनखडी खाणीचं भांडार. का, म्हणून त्यांनी कोणाला विचारलं नाही.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. चूक कम्पायलरचीच, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली आहे. आभार माझ्या नावे मानले होते. ते पत्र घेऊन मी नंदिनीला गेलो. चुनखडीची धूळ बसलेल्या टेबलाशी बसून त्यांनी ते दोनदा वाचलं. अहवालावर सही माझी होती, आणि खरं कळल्यावरही मी गप्प बसलो, हे मी त्यांना सांगितलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

अहवाल आता बदलून घेतो, तुम्ही परत या, असं मी म्हणालो. ते पत्राच्या घड्या घालू लागले.

"चूक सापडली तवा इतवार होता, साहेब. दुपारचे तीन वाजले असन. हॉलमंदी कोनी नव्हतं. घरी गेलो, कुलूप काढलं, आन् मोठ्यानं म्हनलं, सापडली." मग म्हणाले, "कोनाले सांगून राहिलो, तेच समजेना."

अहवाल मी बदलून घेतला. भोयरजी परत आले नाहीत. निवृत्तीपर्यंत नंदिनीतच राहिले, मग आमगावला गेले आणि तिथेच वारले. मला ते पुष्कळ महिन्यांनी, दुसऱ्याच कामासाठी आलेल्या एका माणसाकडून कळलं.

त्या रविवारनंतर त्यांनी ज्या पहिल्या माणसाला चूक सापडल्याचं सांगितलं, तो मी होतो. आणि त्या सोमवारी मी त्यांना साधं बसा म्हटलं नव्हतं.